वर उरते ती काजळी

रोहिणी,

तू गेल्यापासून मी रोज तुझ्याशी बोलते आहे, पण ते सगळं भांडणच असतं. चहा गाळताना, सायकलचं कुलूप काढताना, दुकानात दूध घेऊन रांगेत उभी असताना. तुझी उत्तरंही मलाच द्यावी लागतात आणि ती तुझ्याइतकी तिखट होत नाहीत. म्हणून आज म्हटलं, एकदा नीट बसून लिहावं.

लोकांनी तुझ्याबद्दल बरंच लिहिलं. मी सगळं वाचलं. पदव्या, शोधनिबंध, हिमालयातल्या मोहिमा. त्यात खोटं काही नाही, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस. तू अंघोळीला जातानाही मोजे घालून जायचीस, हे कुणी लिहिलं नाही. बर्फावर संशोधन करणारी बाई आणि घरात दोन स्वेटर! ‘मला थंडी आवडते म्हणून मी या विषयात आले असं वाटतं का तुला?’ असं तू मला एकदा दात वाजवत विचारलं होतंस.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाही भांडलोच होतो. मी इथल्या डच युनिव्हर्सिटीत नवी होते. सेमिनारमध्ये पडद्यावर माझं मॉडेल दाखवत होते, बर्फ कसा वितळतो, पाणी कसं खाली झिरपतं, ते आपल्याबरोबर किती कण घेऊन जातं. त्या ‘किती’साठी मी एक आकडा धरला होता. सगळ्या कणांना एकच. शेवटच्या रांगेतून तू हात वर केलास आणि इंग्रजीत, सगळ्यांच्या देखत विचारलंस, ‘तुम्ही बर्फात कधी हात घातला आहे का?’

लोक हसले. माझे कान तापले. नंतर कॉफीच्या मशीनपाशी तू शेजारी येऊन उभी राहिलीस आणि एकदम मराठीत म्हणालीस, ‘आडनावावरून वाटलंच होतं मला. रागावलात का?’

‘हो.’

‘बरं झालं. न रागावणाऱ्या माणसांबरोबर मला काम करता येत नाही.’

संदीप परवा म्हणाला, इतकी वर्षं तुम्ही दोघी माझ्या डायनिंग टेबलवर भांडलात, पण भांडण नेमकं कशावरून होतं ते मला कधी समजलं नाही. नवऱ्यालाही समजावून न सांगता गेलीस. म्हणून मीच त्याला सांगितलं, आणि इथेही लिहिते. चुकलं तर रागाव.

बर्फावर काजळी पडते. गाड्यांच्या धुरातली, चुलींतली, दूर कुठे पेटलेल्या जंगलातली. तिच्याबरोबर धूळ आणि राखही येते. पांढऱ्या बर्फावर पडलेलं ऊन बरंचसं परत फिरतं, काळ्या कणावर पडलेलं तिथेच मुरतं आणि आजूबाजूचा बर्फ लवकर वितळतो. इथवर कुणाचं दुमत नाही. आपलं जुंपायचं ते यापुढे. बर्फ वितळायला लागला आणि पाणी खाली जायला लागलं की ही काजळी जाते कुठे? मी म्हणायचे, बरीचशी पाण्याबरोबर जाते. बर्फ स्वतःला धुऊन घेतो. तू म्हणायचीस, नाही, ती वरच अडकते. बर्फाचे दाणे चाळणीसारखे असतात, जाड कण त्यातून खाली जात नाहीत. ताजी काजळी तर तेलकट, तिला पाणी धरतच नाही. वरचा बर्फ पाणी होऊन निघून जातो, काजळी मागे राहते, उद्याची काजळी तिच्यात मिसळते. दिवसेंदिवस वरचा थर काळा होत जातो आणि अजून भराभर वितळतो.

‘तुझा तो एक आकडा म्हणजे,’ तू म्हणायचीस, ‘वर्गातल्या सगळ्या पोरांना एकाच मापाचे बूट.’

‘आणि तुझी वीस मापं मोजायची कुणी?’

‘मी मोजते. तू फक्त ऐक.’

काजळीशी तुझं वैर जुनं होतं. चंद्रपूरकडे, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत तू वाढलीस. तुझ्या आई, आमच्या काकू, उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या, वर जुनं लुगडं ताणून बांधायच्या, तरी खाणीकडून वारा आला की संध्याकाळपर्यंत कुरडयांवर काळे ठिपके. तुला वाटायचं, कुरडईला ठिपके असतातच. नागपूरच्या मावशीकडे पहिल्यांदा पांढरीशुभ्र कुरडई ताटात आली तेव्हा तू म्हणालीस, ‘ही कच्ची आहे.’ हे सांगताना तू स्वतःच इतकी हसायचीस की पुढचं ऐकू येत नसे.

पण हिमाचलातल्या ज्या खोऱ्यात तू काम करायचीस त्याबद्दल बोलताना हसायची नाहीस. तिथल्या बायकांनी तुला सांगितलं होतं की आता वाटाणा पेरायच्या आधीच ओढा भरून येतो, आणि पीक उभं राहून पाणी मागतं तेव्हा ओढ्यात नुसते दगड असतात. हे तू प्रत्येक सेमिनारमध्ये सांगायचीस आणि सांगून झालं की माझ्याकडे बघायचीस, जणू ओढा मीच आटवला. मी दम्याची माणूस, एवढ्या उंचीवर मला डॉक्टर जाऊ देत नाहीत हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू माझ्यासाठी फोटो आणायचीस. डोंगरांचे कधीच नाहीत. बर्फाचे कापलेले थर, वर काळी रेघ, खाली राखाडी, मग पांढरा. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणायचीस, ‘बघ. गेली का वाहून?’

मग महामारी आली आणि तुझा हिमाचलात जायचा एक मोसम बुडाला. सॅक भरलेली होती, तिकीट होतं, विमानं बंद झाली. ती सॅक कितीतरी महिने तुझ्या घराच्या दारात तशीच उभी होती. तुझ्या लेकीने, सईने, तिच्यावर स्वतःची टोपी ठेवली होती. दुसरा मोसमही जाणार हे दिसायला लागलं तेव्हा तू गप्प झालीस. तुला गप्प बघायची मला सवय नव्हती. मी फोनवर मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचे, आणि तू नुसतं ‘असेल’ म्हणायचीस.

आणि मग त्या फेब्रुवारीत बर्फ आपल्याच दारात आला. असा बर्फ इथे कित्येक वर्षांत पडला नव्हता. रविवारी सकाळी तुझा फोन.

‘मंजे, खिडकीबाहेर बघ.’

‘बघितलं. छान दिसतंय.’

‘छान काय छान! निघ. ट्रेन बंद आहेत. सायकल आणू नकोस, पडशील. चालत ये.’

‘डेन हागहून फोरबर्गला चालत? या बर्फात?’

‘तासाभराचा तर रस्ता आहे. इनहेलर घे बरोबर. आणि आमच्या मागच्या अंगणात पाय ठेवू नकोस.’

तेव्हा सरकारचा नियम होता, घरात दिवसाला एकच पाहुणा. तो आठवडाभर तुमच्या घरचा पाहुणा मी होते. आले तेव्हा संदीप फ्रीझरमधले पराठे पिशवीत भरून बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत होता. ‘बर्फ ठेवायचाय म्हणे फ्रीझरमध्ये,’ तो म्हणाला, ‘आणि पराठे बर्फात. माझ्या बायकोने हे घर उलटं केलंय.’ त्याचं ब्रेडा गावातलं ऑफिस तेव्हा त्याच टेबलवर चालायचं. त्याने लॅपटॉप उचलला आणि न सांगता जिन्यावर जाऊन बसला. टेबलवर तुझ्या काचेच्या बरण्या मांडल्या गेल्या. लॅबमध्ये एका वेळी एकालाच जायची परवानगी होती, म्हणून हाताने चालवायचा पंप, गाळण्या, सगळं तू घरी आणलं होतंस.

अंगणात मात्र सई हात पसरून उभी होती.

‘बट इट्स माय स्नो टू!’

‘हो ना. निम्मा तुझा,’ तू मराठीत म्हणालीस.

‘विच हाफ?’

‘कुंपणाकडचा.’

‘दॅट्स द स्मॉल हाफ.’

‘सई, निम्म्यात लहानमोठं नसतं.’

पोरीने पावलं टाकून मोजून दाखवलं. तिचंच खरं निघालं. तुला हद्दीची दोरी सोडून पुन्हा बांधावी लागली, आणि दोरीपलीकडे तिने बनवलेल्या बर्फाच्या माणसाला तुझा मफलर द्यावा लागला.

आणि हेंक! शेजारचा हेंक संध्याकाळी घरातल्या शेकोटीत लाकडं जाळायचा, चिमणीतला तो धूर थेट तुझ्या अंगणावर यायचा आणि तू हरखून गेली होतीस. त्याने कुंपणावरून विचारलं, काय चाललंय? तू अगदी प्रामाणिकपणे डचमध्ये सांगितलंस की तुमच्या धुराचा अभ्यास करते आहे. बिचारा ओशाळला. दुसऱ्या दिवशी त्याची चिमणी गार. मग तू कुंपणापाशी जाऊन हात जोडल्यासारखे करून त्याला विनवत होतीस, की कृपा करा, पेटवा, माझा प्रयोग बुडेल. बायको गेल्यापासून त्याच्याशी इतकं कुणी बोललं नसावं. त्याने पेटवलं, आणि वर थर्मासभर वाटाण्याचं सूप आणून दिलं.

सकाळी तू बर्फात उभी भिंत कापायचीस, पोहे खायच्या बशीएवढी रुंद, आणि तिचे थर वेगळे करायचीस. वरचा, मधला, तळचा. प्रत्येकाची वेगळी बरणी. स्वयंपाकघरात ते वितळायचे, मी पंप मारायचे, पाणी पांढऱ्या गाळणकागदातून खाली यायचं आणि कागदावर गोल डाग राहायचा. वरच्या थराचा डाग करडा, तळचा जवळजवळ कोरा. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात बर्फात हात घातला. तू बघत होतीस. फक्त भुवई वर केलीस. त्या भुवईसाठी मी तुला कधी माफ करणार नव्हते.

आठवड्याच्या मधे ऊन पडलं, वरचा बर्फ जरासा ओलावला आणि संध्याकाळी पुन्हा गोठून त्याची काचेसारखी पापडी झाली. तिच्यावर पुन्हा थोडा बर्फ पडला. तुला ती पापडी सापडली तेव्हा तू गुडघ्यावर बसून तिच्यावर नखाने टकटक केलंस आणि म्हणालीस, ‘आता मजा येणार.’

आली. हवा एका दिवसात फिरली, पन्हाळी वाजायला लागल्या. सईच्या केकचा निळा रंग तू पाण्यात कालवलास आणि एका कोपऱ्यात शिंपडलास. थोड्या वेळाने तिथे कापून बघितलं तर निळा रंग माझ्या मॉडेलमध्ये उतरतो तसा सारखा उतरलेलाच नव्हता. पापडीपर्यंत आला होता आणि तिच्यावर आडवा पसरून बसला होता. मग पुढच्या खेपेला कापलं तेव्हा पापडी एका ठिकाणी फुटलेली, आणि तिथून निळी धार बोटासारखी सरळ खाली गेलेली. बाजूचा बर्फ कोराच.

सई म्हणाली, ‘इट वेटेड.’

‘बघ,’ तू मला म्हणालीस, ‘तिला कळलं.’

‘पण शेवटी खाली गेलाच ना रंग?’ मी सोडणार नव्हते.

‘रंग गेला. रंग पाण्यात विरघळतो. काजळी विरघळते का?’

तू आत जाऊन मेणबत्तीवर चमचा धरलास, त्यावर काळा थर धरला. मग नळाखाली थेंब सोडलास. थेंब मोत्यासारखा घरंगळून गेला, चमचा काळाच. सईने तो चमचा हातातून घेतला आणि पुन्हा पुन्हा नळाखाली धरत बसली. मी म्हटलं, ‘ही मेणबत्तीची ताजी काजळी. हवेत आठवडाभर फिरलेली असेल तर तिच्यावर काय काय बसतं, ती पाण्याशी जमवून घेते.’ तू माझ्याकडे बघितलंस. ‘हे मात्र खरं,’ म्हणालीस. ‘बारीक आणि जुनी असेल तर काही जाईल खाली.’ इतक्या वर्षांत तू मला दिलेला तो एकच मुद्दा.

दुपारपर्यंत अंगणात थोडासाच बर्फ उरला होता. त्याच्यावर काळपट साय धरली होती. तू हातमोजा काढून उघड्या बोटाने ती पुसलीस आणि बोट मला दाखवलंस. थंडीने लाल झालेलं, टोकाशी काळं.

‘गेली का वाहून?’

‘एका अंगणावरून हिमालय ठरवायचा नसतो, रोहिणी. आणि आधी आकडे येऊ देत.’

‘येऊ देत,’ तू म्हणालीस. तेवढ्यावरच ते भांडण थांबलं आहे.

त्याच दिवशी जेवताना तू सांगितलंस. मुगाची खिचडी होती, हेंकचं उरलेलं सूप होतं. हिमाचलातल्या एका संस्थेने तुला बोलावलं होतं. त्या खोऱ्यापासून दोन डोंगर अलीकडे. उन्हाळ्यात जायचं ठरत होतं. संदीपचं काम कुठूनही होईल, सईला तिथे शाळा आहे. ‘मोसम बुडाला म्हणून रडत बसण्यापेक्षा तिथेच जाऊन राहते,’ तू म्हणालीस. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, ‘छानच.’

आणि तू जाऊ नयेस म्हणून मग मी तुझ्याशी त्या नोकरीवरूनही वाद घालत राहिले. पगार, प्रयोगशाळा, सईचं मराठी, रस्त्यांची अवस्था, सगळे मुद्दे काढले. मुद्दा एवढाच होता की या परक्या गावात मला रोज भांडायला तू हवी होतीस. तो काढला नाही. मला वाटतं, तुला तो ठाऊक होता. एकदा बरण्या धुताना तू पाठमोरी असतानाच म्हणालीस, ‘व्हिडिओ कॉलवर भांडता येतं, मंजे.’ मी पाण्याचा नळ मोठा केला.

एप्रिलमध्ये तुझ्या घरात आधी संदीपला ताप आला, मग तुला. त्याचा उतरला. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, रोज फोनवर सांगत होता, पाणी प्या, पॅरासिटामोल घ्या. एका दुपारी तुला दोन वाक्यं सलग बोलता येईनात तेव्हा त्यानेच ॲम्ब्युलन्स पाठवली. त्याच आठवड्यांत भारतातली लाट शिगेला होती. तू नाकात नळी घालून कॉलनीत फोन करत होतीस, कुठे सिलिंडर मिळतो, आईने घराबाहेर पडू नये. आणि काकू तिकडून तुला सांगत होत्या, ‘माझी काळजी कायले करतं? तू जेव.’ कोण आजारी आहे ते दोघींच्या बोलण्यावरून कळलं नसतं.

हॉस्पिटलमध्ये फक्त संदीपला सोडत होते. तू मला व्हिडिओ कॉल केलास. चेहरा सुजलेला होता, केस कुणीतरी वेणीत बांधले होते. मला वाटलं, तू सईबद्दल काही सांगशील.

‘वरचा थर... वेगळा मोज,’ तू म्हणालीस. ‘नाहीतर सगळं एकत्र करून... सरासरी काढशील तू.’

‘नाही काढणार.’

‘काढशील. ओळखते मी तुला.’

‘आधी बरी हो. मग भांडू.’

‘मग कुठला वेळ. सामान बांधायचंय मला.’

तू हसलीस, त्याचा खोकला झाला, नर्सने फोन घेतला. त्यानंतर तुला झोपेत ठेवलं. मी तुझ्याशी बोलायचं ते एवढंच बोलले. जे नळाच्या आवाजात बुडवलं होतं ते या वेळी तरी बोलायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतील. पण खरं सांगू, त्या क्षणी मला सरासरीवरूनच राग आला होता. तू मला राग येऊ दिलास, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. तू रडवून गेली असतीस तर तो चेहरा मला आठवताही आला नसता.

निरोपाच्या वेळी हॉलमध्ये खुर्च्या दूर दूर मांडलेल्या होत्या. मास्कमुळे कोण रडतंय ते डोळ्यांवरून ओळखायचं. हेंक आला होता, कोट घालून. विमानं बंद, त्यामुळे काकू आणि तुझा भाऊ मोबाइलवर होते. मी तो मोबाइल दोन्ही हातांनी धरून उभी होते. मधेच चित्र गोठायचं. काकूंचा चेहरा अर्धा उघड्या तोंडाने थांबायचा आणि मग आवाज एकदम पुढचा यायचा. एकदा चित्र सुटलं तेव्हा त्या संदीपला विचारत होत्या, ‘तिच्या पायात मोजे आहेत का, जावईबापू? पाय लवकर गार पडतात तिचे.’

पेटी बंद होती. त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

‘आहेत, आई,’ तो म्हणाला. ‘लोकरीचे.’

सई माझ्या कोटाला धरून उभी होती. घरी आल्यावर तिने मला मराठीत विचारलं, अडखळत, शब्द शोधत, ‘मावशी, आता माझ्याशी मराठी कोण बोलणार?’ संदीप घरात मराठीच बोलतो. पण मला कळलं ती काय विचारते आहे. तू तिच्याशी मराठीत बोलायचीस, ती उत्तर इंग्रजीत द्यायची आणि तू तरीही मराठीतच बोलत राहायचीस. तेवढी चिवट बाई तिच्या ओळखीत दुसरी नाही. मी म्हटलं, बुधवारी आणि रविवारी मी येईन. येते. पोरगी अजून इंग्रजीत उत्तर देते. मी हटत नाही.

मे महिन्यात मला लॅबची पाळी मिळाली. तुझे सगळे गाळणकागद मी स्वतः मोजले. त्या खोलीत मी एकटीच होते आणि मशीन फार हळू चालतं, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वरचा थर वेगळा धरला. सरासरी काढली नाही.

तर सांगते. धूळ आणि राख, जाडे कण, जवळजवळ सगळे वरच राहिले. काजळीचाही मोठा वाटा वरच्या थरात होता, आणि बर्फ आटत गेला तशी ती दाट होत गेली, तू म्हणत होतीस तशीच. बारीक कणांचा काही भाग खाली उतरला होता. तो सावकाश उतरला नाही. पापडीवर साठून राहिला आणि वितळण्याच्या शेवटच्या टप्प्यात, पाण्याच्या वाटा फुटल्या तेव्हा, एकदम निघून गेला. म्हणजे थोडंसं माझंही खरं. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं, ऊन वरच्या थरावर पडतं आणि वरचा थर तर काळाच. माझा एक आकडा या सगळ्याला पुरत नाही. मी तो मॉडेलमधून काढून टाकला आहे. जाडे कण वेगळे, बारीक वेगळे, आणि पापडी असेल तर पाण्याला वाट फुटेपर्यंत थांबायचं. काम तिप्पट झालं. तू जिंकलीस.

हे मी ग्रुपच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, कुणी डोळे पुसले, कुणीही काही हरकत घेतली नाही. इतकी वाईट मीटिंग मी कधी पाहिली नव्हती. तू असतीस तर सगळ्यात आधी हात वर करून विचारलं असतंस, एका अंगणावरून? शेजाऱ्याच्या एका चिमणीवरून? माझा पुरावा माझ्याच विरुद्ध वापरला असतास आणि मला पुन्हा दोन वर्षं कामाला लावलं असतंस. मी स्क्रीनवरच्या त्या चौकटींकडे बघत राहिले. सगळे म्यूटवर होते.

मग काकूंना फोन केला. तसा मी दर रविवारी करते. आधी संदीपने सांगितलं म्हणून केला, आता मलाच करावासा वाटतो. त्यांना विमानं सुरू झाली की यायचं आहे. सईला बघायचंय, तू राहायचीस ते घर बघायचंय. त्या दिवशी माझा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, ‘काय झालं? बरं नाही का?’

मी म्हटलं, ‘रोहिणीचं काम पूर्ण झालं, काकू. ती म्हणत होती तेच बरोबर निघालं.’

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, ‘तुम्ही दोघी लय भांडायच्या ना? ती सांगे मले. म्हणे, आई, मंजिरीशी भांडलं का डोकं साफ होते.’

‘हो.’

‘आता कोणाशी भांडशील?’

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

‘माझ्याशी भांडत जा,’ काकू म्हणाल्या. ‘मले तुमचं काही समजत नाही. पण तू फोन करत जा.’

मला वाटलं, माउली धीर द्यायला बोलली. पण गेल्या रविवारी त्यांनी फोन उचलला तो तयारीनेच.

‘हां, सांग. काय भांडण होतं तुमचं?’

मी सांगितलं. बर्फ, काजळी, पाणी. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि ठामपणे म्हणाल्या, ‘मग त्यात काय? पाणी आलं का सर्वच घेऊन जाते. मागे काही राहत नाही.’

‘नाही, काकू. तसं होत नाही.’

‘कसं होत नाही? जाते.’

‘सगळं नाही जात. बर्फाचे दाणे त्याला अडवतात. पाणी निघून जातं, ती वरच राहते...’

‘मी सांगते, जाते.’

‘काकू, ऐका तर! मोजलंय आम्ही. राहते ती!’

सई अंगणातून आत येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. तिकडून काकू काहीतरी बोलत होत्या आणि इकडून मी, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. माझा आवाज चढलेला होता, एक हात हवेत होता. आणि मी तुझी बाजू मांडत होते, रोहिणी.